अठरा पाहुण्यांचे पाय

आमच्या गावाला झाडाचं वरचं तेवढं दिसतं. पान पिवळं पडलं की फवारा, फूल गळालं की फवारा, शेजाऱ्याने फवारलं म्हणूनही फवारा. मुळाकडे बघायचं तर वाकावं लागतं, आणि आमच्याकडे माणूस वाकतो तो फक्त पुढाऱ्याच्या पायाशी.

मी क्रांती. पलूसजवळच्या या गावात लग्न होऊन आले त्याला सतरा वर्षं झाली. सासरे हंबीरराव सैन्यातून सुभेदार होऊन परत आलेले. सगळा गाव त्यांना सुभेदार म्हणतो, घरात आम्ही आबा म्हणतो. नवरा इंद्रजित सैन्यातच आहे, सध्या सरहद्दीवर. घरची सगळी जमीन उसाखाली. ऊस लावायचा, पाणी सोडायचं आणि कारखान्याची ऊसतोड टोळी येईपर्यंत मिशीला पीळ देत बसायचं, याला आमच्याकडे शेती म्हणतात. भाजीपाला करणं म्हणजे हलकं काम. मंडईत पाटी घेऊन बसणाऱ्यांचं.

तरी नदीकडचे वीस गुंठे मी मागून घेतले आणि टोमॅटो लावला. पहिल्याच वर्षी झाडं दुपारी माना टाकायला लागली. सकाळी उभी, दुपारी आडवी. मी एक झाड मुळासकट उपटलं आणि पप्पूच्या दुकानात नेलं. पप्पू म्हणजे आमच्या गावचा औषधं-खतांचा दुकानदार. बारावीला दोनदा बसला आणि मग एकदम सगळ्या पिकांचा डॉक्टर झाला. मुळांवर जोंधळ्याएवढ्या गाठी होत्या. पप्पूने मुळांकडे बघितलंसुद्धा नाही.

"वयनी, उपटलं कशाला? आता झाड मेलं की!" म्हणाला, आणि तीन बाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. तिन्ही पानांवर मारायच्या.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी बाटल्या तिथेच ठेवल्या आणि एका शेतीच्या शिबिरात जाऊन बसले. तिथे एका मुलीने नीट सांगितलं. याला सूत्रकृमी म्हणतात. डोळ्याला न दिसणारा किडा मातीतून मुळात शिरतो, मुळाला गाठ येते आणि झाडाचं अन्नपाणी तिथेच अडतं. एकदा रानात आला की सहजी जात नाही. आणि एका रानातून दुसऱ्या रानात स्वतःच्या पायाने जात नाही, आपल्या पायाने जातो. बुटाला, कुदळीला, खुरप्याला लागलेल्या ओल्या मातीतून. नंतर मी गावात विचारलं तर निम्म्या वांग्या-टोमॅटोच्या रानांत हाच रोग होता आणि एकालाही पत्ता नव्हता. सगळ्यात जास्त आमच्या शेजारच्या भाऊसोच्या वांग्यात. भाऊसो त्याला 'उन्हाची झळ' म्हणायचा. आषाढातसुद्धा.

दोन वर्षं मी त्या वीस गुंठ्यांच्या मागे लागले. उन्हाळ्यात दाट झेंडू पेरला. झेंडूच्या मुळातून असं काही पाझरतं की हे किडे मरतात किंवा उपाशी राहतात. फुलं भरात आली तेव्हा सगळा झेंडू नांगराखाली गाडला. त्या दिवशी बांधावर ही गर्दी. भाऊसो हातवारे करत होता, "आरं सोन्यावानी फुलं मातीत घालतीया! सुभेदार, सुनंला दावा कुनाला तरी!" आबा बांधावर उभे राहून नुसते हसले. दोन वर्षांत या माणसाने माझ्या रानात पाऊल टाकलं नव्हतं. बांधावरूनच बघायचं, आणि बघायचं तेही पाय पुसायच्या फडक्याकडे बघावं तसं.

मग निंबोळी पेंड. पप्पूच्या दुकानातली पेंड मी चिमूटभर त्याच्यासमोरच जिभेवर ठेवली. कडू नव्हतीच. भुसा, माती आणि वर नावापुरतं तेल. पप्पू म्हणाला, "वयनी, पेंड काय खायाची आस्ती व्हय?" मी थुंकले आणि बाहेर आले.

खरी पेंड मला धोंडुबाईने मिळवून दिली. धोंडुबाई आटपाडीकडची. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमच्या भागात यायची, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पाऊस लागला की माघारी जायची. तिच्या माळावर कडुनिंबाला तोटा नाही. तिने निंबोळ्या वेचून, वाळवून पोती आणली, मी ती कांडून घेतली. कांडपाच्या गिरणीत दोन दिवस कुणाला उभं राहवेना, इतका कडू वास. ती पेंड रानात घातली, एरंडीची पेंड घातली. रोपं बाहेरच्या नर्सरीतून न आणता घरीच ट्रेमध्ये तयार केली. माझी खुरपी, माझी कुदळ वेगळी ठेवली. कामाला येणाऱ्या बायकांच्या चपला बांधावर काढून घेतल्या. बायका हसल्या, पण ऐकलं. बायका ऐकतात.

आणि लावणीच्या दिवशी आबांनी अट घातली.

"हे शेवटचं साल," ते बांधावरून म्हणाले. "दिवाळी झाली की मी सोता येनार आन् मला वाटंल ते झाड उपटणार. एक जरी गाठ दिसली तर रान उसाला. गाठ न्हाई दिसली तर रान तुजं, तुज्या नावावर करून देतो. सुभेदाराचा शबूद हाय."

मी इंद्रजितला फोन केला. म्हटलं, निदान तुम्ही तरी बोला. तो म्हणाला, "आबास्नी कोन सांगणार?" शत्रूच्या बंदुकीसमोर छाती काढून उभा राहणारा माणूस, आणि बापापुढे हे असं. मी अट मान्य केली.

भाद्रपदात टोमॅटो छातीला लागला. आठवड्याला चार-दोन झाडं मी वेगवेगळ्या ठिकाणी उपटून बघायची. मुळं पांढरी, सुईसारखी स्वच्छ. कुणीतरी बांधावरून फोटो काढला, तो गावच्या ग्रुपवर फिरला, आणि ज्यांनी दोन वर्षं मला वेडी म्हटलं होतं ते सगळे एका रात्रीत झेंडूचे जाणकार झाले. भाऊसो म्हणाला, "म्याच म्हनलं हुतं, झेंडू लावा." उथळ पाण्याला खळखळाट फार.

आबांची छातीही फुगली. त्यांनी मला न विचारता शिवारफेरी ठरवली. शिवारफेरी म्हणजे साहेब लोक, पुढारी आणि त्यांच्या मागे फिरणारे हौशे-गवशे यांनी रानं बघत हिंडायचं आणि शेवटी जेवायचं. आधी भाऊसोच्या रोगट वांग्यात, मग तिथून सरळ माझ्या टोमॅटोत. म्हणजे रोग बघायचा आणि लगेच निरोगी बघायचं. दोन्ही रानांच्या मधे एक बांध आणि भाद्रपदाचा पाऊस.

"आबा, त्यास्नी आत सोडू नगा," मी म्हटलं. "बांधावरून दाखवू."

"पाव्हण्यास्नी बांधावर हुबं करायचं? घराण्याची काय आब्रू हाय का न्हाई?"

"मग भाऊसोच्या रानातनं आल्यावर पायतान काढायला सांगा. पाय धुवायला सांगा. त्या चिखलात रोग हाय."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी साहेबाला कानफटात मारायला सांगत होते. "साहेबाला म्हनू व्हय, तुमचं बूट घाण हायत म्हनून?"

ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं बुटाला चिखल लागला म्हणून पोरांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या, तो हे बोलत होता. मी सरपंचाला सांगून बघितलं, तो म्हणाला, बरं दिसत नाही. पप्पूला सांगितलं, तर तोच साहेबांच्या पुढेपुढे करणार होता. अख्ख्या गावात एक मर्द नव्हता जो एका साहेबाला 'जरा पायातलं काढा' म्हणेल. देवळाच्या पायरीशी हेच लोक मुकाट्याने चपला काढतात. तिथे कुणाचा अपमान होत नाही.

त्या वर्षी माळावर पाऊस हुकल्यामुळे धोंडुबाई कळप घेऊन लवकर खाली उतरली होती. मी रडकुंडीला येऊन तिच्यापुढे बसले. ती मेंढराचं खूर हातात धरून बघत होती.

"मेंढरांच्या खुरांत रोग आला की आमी काय करतो," ती म्हणाली, "वाटंत औषदाच्या पान्याचं डबरं करतो आन् समदी त्यातनं हाकतो. मेंढराला इचारत न्हाई."

"मावशी, ही मानसं हायत. साहेब हायत."

"मंग त्येंच्या कलानं हाक. मानसाला पाय धू म्हनलं की राग येतो. पाय धुतो म्हनलं की छाती फुगती."

चार बुकं शिकलेली मी, आणि मला इतक्या दिवसांत हे सुचलं नव्हतं.

शिवारफेरीच्या दिवशी मी माझ्या रानाच्या तोंडाशी मंडप घातला. गालिचा, खुर्च्या, पितळेची परात, तांब्या, हळदकुंकू, टॉवेल. नवी साडी नेसले, डोक्यावरून पदर घेतला. भाऊसोच्या वांग्यातून अठरा पाहुणे आले, प्रत्येकाच्या बुटा-चपलांना पायलीभर चिखल. मी हात जोडून म्हटलं, "आमच्याकडं पाव्हण्यांची पाद्यपूजा करायची पद्धत हाय."

अशी काही पद्धत आमच्याकडे नव्हती. पण एकानेही विचारलं नाही. मोठ्या साहेबांनी "अहो कशाला, कशाला" म्हणत आधीच एक बूट काढला होता. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, आणि शेतीवरच्या त्यांच्या भाषणात त्याहून मोठी भोकं होती. बाकीच्यांनी खुर्च्यांसाठी ढकलाढकली केली. एक पुढारी तर म्हणाला, "वहिनी, पुन्हा एकदा ओता, मोबाईल चालू नव्हता." मी पुन्हा ओतलं. त्याने पाय अशा ऐटीत पुढे केला की जणू गंगा त्याच्याच अंगठ्यातून निघते.

धोंडुबाई पाणी ओतत होती, मी पाय चोळत होते. बोटांच्या बेचक्यातला चिखल, नखातला चिखल, घोट्यामागचा चिखल. ते डोळे मिटून बसले होते आणि मी त्यांच्या अंगावरची घाण मोजून काढत होते. चिखलाचं पाणी परातीतून बादलीत, बादली रस्त्याच्या पलीकडे. बूट-चपला गालिच्याच्या पलीकडे ओळीने. सतरा झाले, अठरा झाले. अठराच्या अठरा पायांनी स्वच्छ, हळदकुंकू लावलेले, तृप्त. मेंढरं डबऱ्यातून गेली होती आणि एकालाही कळलं नव्हतं. आयुष्यात मी इतकी खूश कधी झाले नव्हते.

आबा मागे उभे होते. डोळे भरून आले होते त्यांचे. "आमच्या सुनंचं संस्कार!" साहेबांना म्हणाले. "चला, आता मी दावतो तुमास्नी मुळं." आणि निघाले.

यजमानाचे पाय कुणी धुवत नाही. ते पाहुणे नव्हते. भाऊसोच्या रानात साहेबांना रोगट मुळं दाखवायला वांग्याचं झाड त्यांनीच उकरलं होतं. पायात त्यांचे ते घोट्यापर्यंतचे काळे बूट, वर करड्या चिखलाचा थर. हातात भाऊसोचं खुरपं, त्यालाही तोच चिखल.

मी बघितलं. खोटं कशाला बोलू, स्पष्ट बघितलं. ते माझ्यापासून दोन हातांवरून गेले. धोंडुबाई माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "वयनी, म्हाताऱ्याचं राहिलं की."

फक्त एवढंच म्हणायचं होतं: आबा, थांबा. अठरा माणसं बघत होती. पुढाऱ्याचा मोबाईल चालू होता. आबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या रानात पाऊल टाकत होते, तेही अभिमानाने. माझ्या हातात तांब्या होता, पाणी भरलेला.

"राहू दे," मी म्हटलं.

ते तिसऱ्या सरीतून सरळ आत गेले, मधोमध थांबले, खुरपं खुपसून एक झाड उकरलं आणि पांढरी मुळं साहेबांपुढे धरली. टाळ्या झाल्या. मग सगळे जेवायला गेले. संध्याकाळी पाद्यपूजेचा व्हिडिओ ग्रुपवर आला, वर लिहिलेलं, 'याला म्हणतात संस्कार'. भाऊसोने त्याला सहा वेळा हात जोडले. टोमॅटोच्या मुळांचा फोटो कुणीही टाकला नव्हता.

पाहुणे गेल्यावर मी तिसरी सरी खरवडली. पावलांची माती पाटीत भरून बाहेर टाकली, पेंडीचा लगदा ओतला, निंबोळ्यांचं पाणी सोडलं. पाऊस पुन्हा आला आणि सगळं सारखं झालं. मी स्वतःला सांगितलं, एका माणसाच्या बुटाने काय होतंय. पप्पूसुद्धा असंच बोलला असता.

दसऱ्यानंतर तिसऱ्या सरीतली काही झाडं दुपारी जरा मलूल दिसायला लागली. मी ती उपटून बघितली नाहीत. कुणाला मुळं बघता येत नाहीत म्हणून दोन वर्षं गावाला नाव ठेवणारी मी रोज त्या सरीजवळून मान फिरवून जायची. बाकीचं रान नुसतं लगडलं होतं. अख्ख्या शिवारात तसा माल नव्हता.

दिवाळी झाली आणि आबा आले. एकटेच, सकाळी. रानाच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि सगळीकडे नजर फिरवली. म्हाताऱ्याची नजर वाईट नाही, फक्त वापरत नाही तो. सरळ तिसऱ्या सरीत गेले, मधोमध वाकले आणि एक झाड उपटलं. माती झटकली. मुळावर चार गाठी होत्या. शेजारचं उपटलं, त्याच्यावरही.

"गाठ," ते म्हणाले.

"एवढ्याच झाडांस्नी हाय, आबा. हे बाकीचं रान बघा. कुठलंबी झाड उपटा."

"आट एका गाठीची हुती."

"व्हय."

त्यांनी झाड हातात फिरवलं. मला वाटलं, काहीतरी वाटलं असेल त्यांना. ते म्हणाले, "मला तर त्या मेंढरंवालीचाच सौंशय येतो. हितनं तिथनं गावभर फिरतीया, दहा रानाची माती पायाला. तिलाच तू रानाच्या तोंडाशी हुबी केलीस. पुन्यांदा तिला आपल्या शिवारात येऊ देऊ नगं."

चोर सोडून संन्याशाला फाशी. धोंडुबाईने सगळ्यांच्या आधी स्वतःचे पाय धुतले होते. तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. सतरा वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. मी सासऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलले.

"तिच्या पायानं न्हाई आली. तुमच्या पायानं आली. त्या दिवशी भाऊसोच्या रानातनं बूट घालून तुमीच आत आला. ह्याच सरीतनं. हितंच थांबला. त्याचंच खुरपं हितं खुपसलं. अठरा मानसांचं पाय धुतलं मी, तुमचं न्हाई."

खाली वाकून आबांनी सरीकडे बघितलं, रानाच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा हातातल्या मुळाकडे. त्यांना पटलं होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं. मी वाट बघत होते ती ओरडण्याची. ओरडले असते तर बरं झालं असतं, तुच्छ मानायला मला आणखी एक माणूस मिळाला असता.

"तू बघितलंवतंस?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"व्हय."

"मग तवाच का न्हाई बोललीस? मी थांबलो आस्तो की."

साहेबाला सांगायची छाती नाही म्हणून मी सरपंचाला हसले होते, पप्पूला हसले होते, बापाला सांगायची नाही म्हणून नवऱ्याला हसले होते. मला तर साहेबाला सांगायचंच नव्हतं. घरातल्या एका म्हाताऱ्याला दोन शब्द सांगायचे होते, आणि संस्कारी सून म्हणून व्हिडिओत दिसत मी गप्प बसले होते.

आबांनी झाड माझ्या हातात दिलं. "शबूद म्हंजे शबूद," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता, आणि बांधावरून घरी गेले. शेवटचा तोडा झाल्यावर ट्रॅक्टर आला आणि उसासाठी सऱ्या पाडून गेला.

ते खरंच थांबले असते का, हे मला आता कधीच कळणार नाही.